बोटीच्या नाळेवर मेंढा बसवणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत डॉक्युमेंट्र्या डब करणाऱ्या, सबटायटल लिहिणाऱ्या, पोरांसाठी इतिहासाची पुस्तकं अनुवादित करणाऱ्या आणि परिभाषा कोश काढणाऱ्या समस्त मंडळींना,

स.न.वि.वि.

पत्राला कारण झाला माझा भाचा. वय वर्षं नऊ. गेल्या महिन्यात बहीण चार दिवस राहायला आलेली, बाहेर धो धो पाऊस, नशिबानं लाइट होती, आणि पोरानं टीव्हीवर प्राचीन ग्रीक आरमारावरची एक डॉक्युमेंट्री लावली. मराठीत डब केलेली. मराठीत आहे म्हटल्यावर मी पण चहा घेऊन बसलो. सलामिसची लढाई, ग्रीक विरुद्ध इराणी, इ.स.पू. ४८०, ग्राफिक्स एकदम झकास, आणि निवेदक खर्जातल्या आवाजात म्हणतो, "जहाजाच्या अग्रभागी पितळेचा मेंढा असे व तो शत्रूच्या जहाजावर जोरात आदळे." भाच्यानं माझ्याकडं बघितलं. "मामा, मेंढा कशाला? बुडत नाही का तो?"

आता काय सांगणार त्याला. मी हसलो, बहीण हसली, पण पोरगं सिरियस होतं. पुढच्या चाळीस मिनिटांत अजून बरंच काही कानावर आलं. "तीन वल्ह्यांचं जहाज" आलं, "गुलाम वल्हेकरी" आले, कप्तान "चाक फिरवून" जहाज वळवतो असं आलं, आणि एका ठिकाणी तर "बाह्य साहित्यावर बसवलेली वल्ही" असंही आलं, ते ऐकून मी रिमोट घेतला, मागं जाऊन परत ऐकलं, तरी तेच. मग लक्षात आलं की आउटरिगर (बोटीच्या बाजूला बाहेर काढलेला भाग) या शब्दाचे कुणीतरी दोन तुकडे करून डिक्शनरीत बघितलेत.

मी काही इतिहासाचा प्रोफेसर नाही हे आधीच सांगतो. पुण्यात दिवसभर एक्सेल बघतो, समुद्राशी संबंध आता मासळी बाजारापुरता. पण आजोबा दाभोळच्या खाडीकाठचे, तांडेल होते, म्हणजे बोटीवरचे मुख्य, आणि बोटीच्या प्रत्येक लाकडाला नाव असतं हे मला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. नाळ, पठाण, डोलकाठी, परबाण, सुकाणू. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आणि पठाण म्हणजे बोटीचा तळाचा कणा बरं का, काबूलचा नव्हे. त्यात गेली काही वर्षं या ग्रीक वल्ह्यांच्या युद्धनौकांचं वेड लागलंय, जे मिळेल ते वाचत असतो. म्हणून हा उपद्व्याप.

तर मेंढ्यापासून सुरू करू. इंग्रजीत त्याला रॅम म्हणतात, कारण किल्ल्याची भिंत फोडायच्या ओंडक्याला तिकडं मेंढा म्हणायची जुनी पद्धत. ज्यांची ती बोट होती त्या ग्रीकांच्या डोक्यात मेंढा नव्हताच. त्यांचा शब्द एम्बोलोस, म्हणजे आत घुसवायची वस्तू, खुंटी, पाचर. डॉक्टर लोक एम्बोलिझम म्हणतात ना, रक्तवाहिनीत काहीतरी जाऊन अडकतं तो, तो शब्द याच घरचा. रोमन लोक त्याला रोस्ट्रम म्हणायचे, म्हणजे चोच. इ.स.पू. ३३८ मध्ये त्यांनी अँटियम या शत्रू शहराच्या बोटींच्या चोची कापून आणल्या आणि रोमच्या भर चौकात भाषणाच्या ओट्याला लावल्या, त्यावरून ओट्यालाच ते नाव पडलं, आणि आज आपण स्टेजवरच्या त्या लाकडी स्टँडला रोस्ट्रम म्हणतो. म्हणजे पाचर आहे, चोच आहे, दोन्ही शब्द मराठीत घराघरात आहेत, दोन्ही मूळ अर्थाला धरून आहेत, आणि आपण उचललं काय तर मेंढा.

बरं, पाचर हा शब्द नुसता ऐकायला बरा म्हणून म्हणत नाहीये. १९८० मध्ये इस्रायलच्या किनाऱ्याजवळ अथलीत इथं समुद्राच्या तळाशी एक खरीखुरी अशी चोच सापडली. एकसंध ओतीव, ४६५ किलो वजन, सव्वादोन मीटर लांब. आणि ती कांशाची आहे, पितळेची नाही, हेही जाता जाता. तिचं तोंड भाल्यासारखं टोकदार नाहीये. बोथट आहे, आणि त्यावर आडव्या तीन पट्ट्या आहेत, जाड पात्यांसारख्या. मला आधी कळेना की बोथट का. मग या बोटी बांधायच्या कशा ते वाचलं. फळीच्या कडेला खाच, त्यात लाकडाची चपटी जीभ, समोरच्या फळीत तशीच खाच, आणि वरून खिळी मारून ती जीभ पक्की केलेली, अशा फळीला फळी कडेनं जोडत जायचं, आतले वाक, म्हणजे बोटीच्या फासळ्या, नंतर. आता अशा बोटीला टोकदार भाला मारला तर भोक पडेल आणि तुमचाच भाला तिथं अडकून बसेल, मग दोघं मिळून बुडा. त्याऐवजी बोथट दणका बसला की सांधे उसवतात, फळ्या एकमेकींपासून सुटतात, पाणी आत, आणि तुम्ही उलटी वल्ही मारून मागं. लाकूड फोडायला आपण पाचर मारतो तेच काम. शब्द बरोबर असला की यंत्र आपोआप समजतं. मेंढ्यानं काय समजणार?

आता "तीन वल्ह्यांचं जहाज". ट्रायरीम. भाच्यानं लगेच विचारलं, एवढ्या मोठ्या बोटीला तीनच वल्ही? त्याचं बरोबर आहे. अथेन्सच्या ट्रायरीमला १७० वल्ही असायची, एका माणसाकडं एक, आणि माणसं तीन रांगांत एकाच्या वर एक अशी थोडी तिरकी बसवलेली. तीन मजली म्हणाल तर तेही चूक, मजला म्हणजे खाली उभं राहता आलं पाहिजे, इथं वरच्याचं ढुंगण खालच्याच्या नाकासमोर. (माफ करा, पण त्या काळच्या नाटकवाल्यांनी यावर याच्यापेक्षा वाईट जोक केलेत.)

या तीन रांगांची नावं मला सगळ्यात आवडतात आणि तुम्ही ती सरसकट "वरचे, मधले, खालचे" करून टाकता. सगळ्यात वरचे थ्रानाइट, थ्रानोस म्हणजे बाक. ते ६२. मधले झिगाइट, ५४. खालचे थलामाइट, तेही ५४. थलामोस म्हणजे घरातली आतली खोली, आपलं माजघरच म्हणा ना. आणि मधल्यांचा झिगोन म्हणजे बोटीच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत गेलेला आडवा दांडा, ज्यावर ते बसायचे. या झिगोनचा मूळ अर्थ माहितीये काय? बैलांच्या मानेवरचं जू. आणि नुसता अर्थ सारखा नाही, शब्दच एक आहे. संस्कृतमधला युग, त्यावरून आपलं जू, आणि ग्रीक झिगोन, ही सख्खी भावंडं. तसंच ग्रीक नाउस आणि आपली नाव. आणि ग्रीकांचं नाव त्रिएरिस, त्यातला पहिला तुकडा आपला त्रि, दुसरा वल्हवण्याचा, आणि त्याचा संस्कृतमधला नातलग म्हणजे अरित्र, वल्हं. ऋग्वेदात अश्विनीकुमार भुज्यूला समुद्रातून वाचवतात ती नाव शतारित्रा आहे, शंभर वल्ह्यांची. म्हणजे बाकवाले, जूवाले, माजघरवाले असं भाषांतर केलं तर ते गावठी वाटेल कदाचित, पण ते ग्रीकच्या जितकं जवळ जाईल तितकं इंग्रजी कधी गेलं नाही. इंग्रजांनी ग्रीक शब्द तसाच ठेवला कारण त्यांच्याकडं इलाज नव्हता. आपल्याकडं आहे.

हे ६२, ५४, ५४ आकडे कुणाच्या कल्पनेतले नाहीत. अथेन्सचं बंदर पिरेयस, तिथं आरमाराच्या खात्यानं इ.स.पू. चौथ्या शतकात सगळी इन्व्हेंटरी दगडावर कोरून ठेवलीये. कुठल्या बोटीची किती वल्ही, कुठल्या रांगेची, किती चालणारी आणि किती बाद, ३० वल्ही स्पेअर, कुणाकडं काय थकलंय. मी एक्सेलवाला माणूस, मला ते वाचून भरूनच आलं. बोटी ठेवायच्या शेडचा हिशेबही आहे. तीन बंदरांत मिळून ३७२, पैकी एकट्या झेआमध्ये १९६. त्या शेडचे अवशेष मोजून बोटीची रुंदी काढली, दगडी यादीतून वल्ह्यांची संख्या, आणि त्यावरून १९८७ मध्ये ग्रीक नौदलासाठी खरीखुरी ट्रायरीम बांधली, ऑलिम्पियास. ३७ मीटरला थोडी कमी लांब, साडेपाच मीटर रुंद. मॉरिसन म्हणून इतिहासकार आणि कोट्स म्हणून जहाजांचा इंजिनियर, या दोघांची डोकी. १७० लोकांनी ती वल्हवून दाखवली आणि थोडा वेळ का होईना नऊ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साधारण सतरा किलोमीटरपर्यंत नेली. त्याआधी शेकडो वर्षं विद्वान भांडत होते की तीन रांगा शक्यच नाहीत.

आता येतो त्या "बाह्य साहित्या"कडं. आणि इथं मला माझीच चूक कबूल करायचीये.

त्या रात्री मी तावातावानं ते डबिंग करणाऱ्यांना मेल टाकला. (नाव लिहीत नाही, मुद्दा त्यांचा एकट्यांचा नाही.) लिहिलं की अहो आउटरिगरला कोकणात रोकडा शब्द आहे, उलांडी, शेंबडं पोर सांगेल. मेल पाठवून झोपलो. सकाळी दात घासताना ट्यूब पेटली की मी पण तेच केलं जे त्यांनी केलं, इंग्रजी शब्द बघितला आणि वस्तू बघितलीच नाही. उलांडी म्हणजे काय, तर अरुंद होडी कलंडू नये म्हणून एका बाजूला आडव्या दोन काठ्या बांधून त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा ओंडका. तिचं काम तोल सांभाळणं. ट्रायरीमचा आउटरिगर पाण्याला टेकतच नाही. बोटीच्या कुशीवर, बाहेरच्या बाजूला काढलेली लांबलचक चौकट ती, आणि तिच्यावर वरच्या रांगेच्या वल्ह्यांच्या खुंट्या. का, तर खुंटी जितकी बाहेर तितका वल्ह्याला जोर जास्त, आणि बोट मात्र खाली अरुंदच राहते. ग्रीक शब्द पारेक्सेइरेसिया, शब्दशः बाहेर काढून वल्हवणं. म्हणजे इंग्रजीनं दोन वेगळ्या वस्तूंना एकच लेबल लावलंय, आणि आपण त्या लेबलवरून गेलो तर उलांडी लिहून चित्रकार ट्रायरीमच्या बाजूला ओंडका काढणार. कोकणातला शब्द म्हणजे बरोबरच, असं नसतं. याला मला तरी सज्जा बरा वाटतो. वाड्याच्या भिंतीतून बाहेर काढलेला सज्जा असतो तसा वल्ह्यांचा सज्जा. कुणाला याहून चांगला सुचला तर मी माझा मागे घेईन. माझ्या मेलला उत्तर आलं नाही, आणि या वेळी ते बरंच झालं.

या सज्जाच्या पुढच्या तोंडाला दोन्हीकडं एकेक जाड तुळई बाहेर आलेली असते. ग्रीकांनी तिला एपोटिस म्हटलंय, म्हणजे कानाजवळची, कानाची. त्याला काय "कर्णिका-काष्ठ" वगैरे करू नका देवासाठी, कान म्हणा. बोटीला डोळेही होतेच, संगमरवराचे, झेआ बंदरात सापडलेत. नाळेवर डोळे, मागं कान, पुढं चोच. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या शत्रूंनी, कोरिंथवाल्यांनी, हे कान मुद्दाम जाड करून घेतले आणि अथेन्सच्या हलक्या बोटींवर समोरासमोर धडका मारल्या, कान लागला की अथेन्सच्या बोटीचा सज्जाच फाटायचा, वल्ही खलास. त्याच वर्षी सिसिलीतल्या सिराक्यूजच्या बंदरात तीच युक्ती वापरली गेली आणि अथेन्सचं अख्खं आरमार तिथं संपलं. दोन लाकडाच्या ठोकळ्यांमुळं एवढं झालं असं म्हणणार नाही, पण कान माहीत नसेल तर ती लढाई कळत नाही.

छोट्या वस्तू तर तुम्ही गाळूनच टाकता. खालच्या माजघरवाल्यांची वल्ही बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर जायची आणि ती भोकं पाण्यापासून हात-दीड हातावर. भोक केवढं, तर हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं एक किस्सा दिलाय, एका कप्तानाला शिक्षा म्हणून त्याचं डोकं त्याच्याच बोटीच्या खालच्या भोकातून बाहेर काढून बांधून ठेवलं होतं. म्हणजे माणसाचं मुंडकं जाईल एवढं. मग लाट आली की पाणी आत येणार नाही का? म्हणून वल्ह्याभोवती चामड्याची बाही बसवायचे, आस्कोमा. आस्कोस म्हणजे दारू-पाणी भरायची चामड्याची पिशवी, आपली पखाल. ज्यांनी आजोबांच्या पिढीत पखालीतून पाणी भरलेलं बघितलंय त्यांना हे दोन सेकंदात समजेल. आणि ही बाही काही फालतू वस्तू नव्हती. इ.स.पू. ४०५ च्या एका विनोदी नाटकात शत्रूला चोरून माल पुरवणाऱ्या जकातवाल्याला शिव्या घातल्यात, आणि माल काय तर या बाह्या, शिडाचं कापड आणि डांबर. युद्धकाळातली तस्करी! सबटायटलमध्ये मात्र "लेदर कव्हर".

तसंच वल्हं खुंटीला बांधायची वादी. चामड्याची. आजोबांच्या होडीत सुंभाचा फास असायचा, वल्हं त्यात अडकवलेलं, फास भिजला की घट्ट आणि उन्हात सुकला की करकर वाजायचा, तो आवाज मला अजून आठवतो. ग्रीक शब्द त्रोपोतेर. इ.स.पू. ४२९ च्या हिवाळ्यातली गोष्ट थ्युसिडिडीज या अथेन्सच्या इतिहासकारानं लिहिलीये. स्पार्टाच्या बाजूच्या खलाशांनी पिरेयसवर अचानक छापा घालायचं ठरवलं, बोटी मेगाराच्या बंदरात होत्या आणि माणसं कोरिंथला. तर प्रत्येक खलाशी आपलं वल्हं, आपली बसायची गादी आणि आपली वादी खांद्यावर टाकून चालत निघाला. या एका वाक्यावरून पुढच्या लोकांनी सिद्ध केलं की एका वल्ह्याला एकच माणूस होता. बघा, वादी, गादी आणि वल्हं, तीन शब्द, आणि अख्खा वाद मिटतो. (छापा काही झाला नाही, ऐनवेळी कच खाल्ली आणि जवळच्या सलामिस बेटावर लूटमार करून परतले.)

आता माझा सगळ्यात लाडका शब्द. हिपोझोमा. इंग्रजीत त्याला अंडरगर्डल असं काहीतरी म्हणतात, आणि मी एका मराठी पुस्तकात त्याचं "कमरपट्टा" केलेलं वाचलंय. कमरपट्टा म्हणजे कमरेभोवती गुंडाळलेला. हा दोर तसा नव्हता. हा जाडजूड दोर बोटीच्या आत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीत ताणलेला असायचा. कारण असं की बोट ३५ मीटरच्या वर लांब आणि दोन्ही टोकं निमुळती, मध्यभागाला पाणी चांगलं उचलून धरतं पण टोकांना तेवढा आधार नाही, मग टोकं हळूहळू खाली झुकतात, मधला भाग कुबड आल्यासारखा वर येतो आणि वरचे सांधे सुटायला लागतात. तो दोर दोन्ही टोकांना एकमेकांकडं ओढून धरतो, आणि ढिला पडला की परत पीळ देऊन ताणायचा.

हे वाचल्या वाचल्या मला आजीची बाज आठवली. काथ्याची बाज. दर दोन-तीन महिन्यांनी ती झोळी व्हायची, मग आजी पायथ्याशी बसायची, एक पाय चौकटीला लावायची आणि पायथ्याचे दोर एकेक करून असे खेचायची की तिच्या मनगटाच्या शिरा वर यायच्या, शेवटी गाठ मारून वरून एक थाप, टण्ण. त्या दोरांना अदवाण म्हणतात. अदवाण ढिली झाली की बाज गेली, तसं हिपोझोमा ढिला झाला की बोट गेली. आता बाजेत मध्ये झोळ पडतो आणि बोटीत मध्ये कुबड येतं, हा फरक आहे, मान्य. पण चौकट पक्की राहावी म्हणून टोकाशी ताणून ठेवलेला आणि परत परत ताणावा लागणारा दोर, यासाठी मराठीत तयार शब्द अदवाण असताना कमरपट्टा कशाला? ऑलिम्पियास बांधली तेव्हा याच वस्तूनं सगळ्यांना घाम फोडला. साधे दोर हवा तेवढा ताण धरून ठेवीनात, शेवटी स्टीलचा वायर रोप लावला. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांनी सुंभासारख्याच कुठल्या तरी दोरानं ते जमवलं होतं.

चाकाचं थोडक्यात सांगतो. ट्रायरीमला चाक नव्हतं, जहाजांना चाक आलं ते १८व्या शतकाच्या सुरुवातीला. मागच्या बाजूला दोन्हीकडं एकेक रुंद पात्याचं वल्हं असायचं, दोन सुकाणू, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातात. तो कुबेरनेतीस, म्हणजे आपला सुकाणी. लॅटिनमध्ये त्याचा गुबेरनातोर झाला आणि इंग्रजीत गव्हर्नर. आणि विसाव्या शतकात त्याच ग्रीक सुकाण्यावरून सायबरनेटिक्स काढलं, त्याचं पुढं सायबर. म्हणजे राज्यपालांचा बंगला आणि सायबर कॅफे दोन्हीकडं हाच माणूस बसलाय. आणि आपल्या सुकाणू शब्दाला नाक मुरडून कुणी "कर्णधारयंत्र" काढत असेल तर सांगतो, सुकाणू अरबी आहे, नाखवा फारसी आहे, आणि गुराब, म्हणजे मराठ्यांचं लढाऊ जहाज, तो शब्द अरबीत कावळा. बंदरावरची भाषा सगळीकडं अशीच असते, जो माल उतरतो त्याच्याबरोबर शब्द उतरतात. त्यात सोवळं कशाला पाळायचं.

आणि गुलामांचं. हे मात्र मनापासून सांगतो, हे नुसतं शब्दाचं नाही. अथेन्सच्या बोटी चाबकाखालचे गुलाम वल्हवत नव्हते. बहुतेक लोक स्वतंत्र, गरीब नागरिक, शिवाय बाहेरून येऊन राहिलेले लोक, आणि त्यांना पगार होता. इ.स.पू. ४१५ च्या सिसिलीच्या मोहिमेत दिवसाला एक द्राख्मा, त्यांचं चांदीचं नाणं. गुलाम घेतले ते अडीनडीला, जसं इ.स.पू. ४०६ मध्ये अर्गिनुसायच्या लढाईच्या वेळी, आणि त्यांना नंतर मोकळंही केलं. ताल धरायला चाबूकवाला नाही, सनईसारखं औलोस वाजवणारा एक माणूस बोटीवर पगारी असायचा, आणि खलाशी आरोळी द्यायचे रिप्पापाय, आपल्या हैय्या होचा चुलतभाऊ. ज्यांच्याकडं शेती नाही, ढाल-चिलखत घ्यायला पैसे नाहीत, अशा लोकांच्या दंडांवर ते आरमार चाललं, आणि म्हणून शहराच्या सभेत त्यांचा आवाज वाढला. तुम्ही एक "गुलाम" लिहिलं की ही सगळी गोष्ट उलटी होते. वल्हेकरी लिहा की. बास.

एक गोष्ट आपल्या अंगणातली. ओर्म नावाच्या इंग्रज इतिहासकारानं १८व्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन लिहिलंय. त्यात गलबतांना ४०-५० वल्ही आहेत, आणि गुराबाची नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी, म्हणजे तिकडच्या वल्ह्यांच्या युद्धनौकेसारखी, पुढं आलेली असते असं म्हटलंय. हे वाक्य धरून उद्या कुणीतरी मराठा गुराबालाही चोच नाहीतर मेंढा लावणार, मला भीती आहे. तसं नका करू. गुराबाची नाळ पुढं आली होती पण धडक मारायला नव्हे, तिच्यावरून पुढं तोंड करून दोन तोफा डागायच्या असत. वारा पडला की गलबतं वल्ह्यांनी गुराबांना ओढत न्यायची. दिसायला सारखं, काम वेगळं, परत उलांडीचीच गोष्ट.

माझं मागणं फार नाही. शब्द ठरवायच्या आधी वस्तूचं चित्र बघा, ते काय काम करतं ते बघा. मग एखाद्या सुताराला, एखाद्या तांडेलाला, गावाकडच्या एखाद्या म्हातारीला फोन लावा आणि शब्द न सांगता नुसतं वर्णन करून विचारा की याला तुम्ही काय म्हणता. नाहीच मिळाला तर ग्रीक शब्द तसाच ठेवा, कुणी मरत नाही, पोरं डायनोसॉरची नावं पाठ करतात ती एपोटिस पण करतील. आणि कोश काढणाऱ्यांना विशेष विनंती, एका इंग्रजी शब्दापुढं एकच मराठी शब्द टाकून पुढं जाऊ नका, आउटरिगरपुढं उलांडी आणि सज्जा दोन्ही लिहा, आणि कुठला कुठं ते एका ओळीत सांगा.

आपला,
एका तांडेलाचा नातू

ता.क. भाच्याकडून कळलं की त्याच मालिकेचा पुढचा भाग १५७१ च्या लेपांतोच्या लढाईवर आहे, ख्रिस्ती राज्यं विरुद्ध ऑटोमन तुर्क. तर हे पत्र तिथं कॉपी पेस्ट करू नका. त्या गॅली वेगळ्या. तिथं एकेका मोठ्या वल्ह्याला तीन-चार किंवा जास्त माणसं, आणि साखळीला बांधलेले गुलाम आणि कैदी दोन्ही बाजूंना खरंच होते, तिथं गुलाम लिहाच. आणि पुढची चोच पाण्याखाली नाही, पाण्याच्या वर, फळ्या उसवायला नाही तर शत्रूच्या बोटीवर चढून जायला. लढाईच्या आधी ख्रिस्ती आरमाराच्या सेनापतीनं, डॉन जुआननं, आपल्या बोटींच्या चोची कापून टाकायला लावल्या, तोफांना खाली नेम धरता यावा म्हणून. चोची. मेंढे नव्हे.